सासूबाईंच्या गाडीला बघायला येतात

सर्व आप्तेष्ट, हितचिंतक, निंदक आणि तांबरम परिसरातले समस्त भंगारवाले यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, इंग्लंडात जन्मलेली, तांबरममध्ये नांदलेली, चार दारांची आणि गोलमटोल अंगाची आमच्या सासुरवाडीची मायनर गाडी अद्याप हयात आहे. गेली कित्येक वर्षं ती जागची हललेली नाही, एवढ्यावरून कोणी भलता अर्थ काढू नये. तिला पुन्हा चालवण्याच्या कार्यास आजपासून प्रारंभ होत असून, त्यात विघ्न आणणाऱ्यांची गय केली जाणार नाही.

हे निवेदन मी सासूबाईंच्या ओसरीत, खुर्चीवर चढून, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात केलं होतं. साल दोन हजार पाच किंवा सहा, दिवस खंडेनवमीचा, म्हणजे तिकडच्या आयुधपूजेचा. श्रोते तीन. बायकोनं कपाळाला हात लावला. मेहुण्यानं खिशातून मोबाइल काढला. सासूबाई म्हणाल्या, "सेरि, माप्पिळै. आतां खालीं उतरा, त्या खुर्चीचा पाय मोडका आहे."

सेरि म्हणजे बरं, आणि माप्पिळै म्हणजे मी, जावई. मूळचा मिरजेचा. बँकेच्या नोकरीनं मला मद्रासला नेलं आणि बँकेच्याच एका सहकाऱ्यानं मला तंजावरकडच्या मराठी घरात नेऊन चहाऐवजी कॉफीला बसवलं. तिथून मी परतलो तो लग्न ठरवूनच. या घराण्यातले लोक कितीतरी पिढ्यांपूर्वी दक्षिणेत गेलेले. घरात मराठी बोलतात, पण ती अशी की सासूबाईंनी पहिल्यांदा "कापी घेतां कां?" असं विचारलं तेव्हा एखादी बखरच मला कॉफी देते आहे असं वाटलं. त्यात तामिळ शब्द सांबारातल्या शेवग्यासारखे मधेमधे तरंगायचे. मेहुण्याची तऱ्हा निराळी. तो पेरुंगुडीला सॉफ्टवेअरमध्ये. तामिळ आणि इंग्रजी फाडफाड, मराठी मात्र फक्त आईच्या धाकानं. मला तो 'अत्तिंबेर' म्हणतो, तिकडे बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात तसं.

निवेदनाची वेळ का आली ते सांगतो. तांबरमचं ते बैठं घर पोंगल झाल्यावर बिल्डरच्या ताब्यात जाणार होतं. सासूबाई आमच्याकडे वेस्ट मांबलमला येणार होत्या. आमच्या इमारतीत सायकल उभी करण्यावरून सेक्रेटरीची आणि माझी बोलचाल बंद होती, तिथे गाडी कुठून न्यायची? मेहुण्याच्या सोसायटीतही तीच कथा. तेव्हा गाडी कोणाला तरी देऊन टाकायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. कशी द्यायची, इथे पेच होता.

पोंगलच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी तिकडे घरातलं जुनंपानं बाहेर काढतात. मेहुण्यानं त्या दिवसाचा नेम धरला होता. आयुधपूजेचं ताट तयार होत असतानाच तो म्हणाला, "अत्तिंबेर, सिंपल आहे. भोगीला चटया जातात, सुपं जातात, तुटका पंखा जातो. गाडी पण जाते. भंगारवाला क्रेन घेऊन येतो म्हणाला."

क्रेन हा शब्द ऐकल्याबरोबर सासूबाईंनी चंदनाची वाटी खाली ठेवली. त्या दरवर्षी या दिवशी गाडीच्या बॉनेटला चंदन-कुंकू लावत. गाड्यांची पूजा झाली की चारी चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी पुढे घेऊन ती चिरडतात. ही गाडी पुढे जाईना, म्हणून सासूबाई लिंबं विळीवर चिरून आणून चाकांना टेकवून ठेवायच्या. देवाला कळलं म्हणजे झालं.

"ती ह्या घरांत आली ती आपल्या पायांनीं," त्या मुलाला म्हणाल्या. "तुम्ही दोघं व्हायच्या वेळीं मला आस्पत्रींत नेलें तिनें, तें आपल्या पायांनीं. जाईल ती पण आपल्या पायांनींच. दोरीला बांधून ओढायला ती काय म्हैस आहे?"

सासरे जाऊन बराच काळ लोटला होता. गाडी तेवढी त्यांनीच चालवलेली. त्यांच्यानंतर कोणी किल्लीला हात लावला नव्हता, आणि सासूबाई गाडीबद्दल असं कधी बोलल्याही नव्हत्या. मी खुर्चीवर चढलो तो हे ऐकल्यावर.

मेहुणा माणूस वाईट नाही. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीची अखेरची तारीख लागते. त्यानं करार मांडला. अड्यारला एक गृहस्थ राहतात, विमा कंपन्यांसाठी जुन्या गाड्यांचं मूल्य ठरवतात. भोगीच्या आधीच्या रविवारी त्यांना बोलवायचं. ते म्हणाले ही गाडी आहे, तर मेहुणा स्वतः चांगलं घर शोधणार. ते म्हणाले हे लोखंड आहे, तर क्रेन.

"कबूल," मी म्हणालो.

"तुला गाडीतलं काय कळतं?" बायकोनं विचारलं.

"काहीच नाही. म्हणून तर कबूल म्हणालो."

मला मेकॅनिक मिळाला तो पुदुपेटला, जिथे मद्रासमधल्या म्हाताऱ्या गाड्या सुट्या होऊन गल्लोगल्ली टांगलेल्या असतात. हा माणूस आमच्याच जातकुळीचा निघाला, म्हणजे नाटक्या. तांबरमला आल्यावर त्यानं आधी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि पुष्कळ वेळानं म्हणाला, "हार्ट स्ट्राँग, सार. लंग्ज वीक."

गाडी बंद होती. त्यानं नेमकं काय ऐकलं ते मला आजही कळलेलं नाही. पुढे लक्षात आलं की त्याची निदानं बहुतेक चुकतात. कार्ब्युरेटर म्हणून उघडलं की दोष वायरिंगमध्ये निघे, वायरिंग म्हणून उसवलं की पेट्रोलच्या नळीत गांधीलमाशीचं घर सापडे. पण माणूस हटत नसे. चुकलं की तो कमरेवर हात ठेवून गाडीकडे कौतुकानं बघायचा आणि म्हणायचा, "लबाड आहे, सार." माझं त्याचं जमलं ते इथेच. मलाही चुकल्यावर जोर चढतो.

पहिलं संकट म्हणजे इंजिन जाम झालेलं. प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, मुरू द्यायचं, मग टॉप गिअर टाकून गाडी पुढेमागे झुलवायची, म्हणजे पिस्टन सुटतात. शनिवारी बँक अर्धा दिवस. मी लोकलनं तांबरमला जायचो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचो आणि मेकॅनिक आणि मी त्या गाडीला पाळण्यातल्या बाळासारखं झुलवत बसायचो. मेहुणा ओसरीतून बघायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "ये, हात लाव."

"मी कंट्रोल ग्रुप आहे, अत्तिंबेर. नुसता ऑब्झर्व्ह करतो."

नोव्हेंबरात तिकडचा पाऊस लागला. शेडचे पत्रे गळायला लागले. मेकॅनिक इंजिनवर वाकलेला, त्याच्यावर मी छत्री धरलेली, माझ्यावर काहीच नाही, असं आम्ही तीन शनिवार काढले. सासूबाई खिडकीतून सूचना द्यायच्या. "माप्पिळै, छत्री डावीकडे. तिच्या पोटांत पाणी जातंय." मी भिजतोय याचा उल्लेख नसे. आणि एका शनिवारी, चिखलात पाय रोवून मी ढकलत असताना, तिच्या पोटातून खोल कुठूनतरी 'टक्' असा आवाज आला आणि गाडी वीतभर जड, वीतभर हलकी अशी पुढे गेली. मेकॅनिकनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मग आम्ही दोघांनी शिस्तीत एकमेकांशी हस्तांदोलन केलं, सत्कार समारंभात करतात तसं, आणि फोटोसाठी थोडा वेळ थांबलोही. फोटो काढणारं कोणी नव्हतं.

त्यानंतर मला वेड लागलं असं बायको म्हणते. मी म्हणतो की मी ठाम झालो. उंदरांनी खाल्लेलं वायरिंग बदललं. ब्रेकची सगळी रबरं बदलली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका सडला होता की पाय टेकला तर थेट तांबरमच्या जमिनीला लागे. तो कापून नवा जोडला. पल्लावरमला शुक्रवारी जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो, म्हणून दर शुक्रवारी सकाळी माझं पोट बिघडू लागलं. मॅनेजरनं एकदा काळजीनं विचारलं, "नक्की काय होतं?" मी म्हणालो, "पंप नीट काम करत नाही." ते खरंच होतं. गाडीचा पेट्रोलपंप विजेवर चालतो, किल्ली फिरवली की टिकटिक करायला लागतो, आणि आमचा टिकटिक करत नव्हता. मेकॅनिकनं शेवटी पान्याच्या मुठीनं त्याला एक टोला दिला आणि तो कुरकुरत सुरू झाला. ही मद्रासमधली सगळ्यात महागडी शस्त्रक्रिया मी ऐनवेळी वाचवली, असं मी बँकेत सांगितलं.

हौसेपायी काही उद्योगही केले. सीटना मरून कापड घेतलं आणि कडेनं कांचीपुरम साडीच्या काठासारखी सोनेरी किनार लावून घेतली. सासूबाई खूष झाल्या. एवढं पुरे होतं.

डिसेंबरात एका संध्याकाळी इंजिन लागलं. आधी धूर इतका आला की समोरच्या घरातून कोणीतरी बादली घेऊन धावत आलं. धूर निवळल्यावर बघतो तो सासूबाई मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी जाऊन बसलेल्या. दार लावून घेतलेलं, पदर सारखा केलेला. मी स्टीअरिंगवर होतो. त्या माझ्या पाठीकडे बघत, मला कधी न ऐकवलेल्या आवाजात म्हणाल्या, "हॉर्न वाजवूं नका हं. लेंकरूं निजलें आहे."

ते लेकरू बाहेर उभं होतं, पस्तिशीचं, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्यानं ते ऐकलं. मोबाइल खिशात ठेवला आणि फाटकाचं कुलूप बघायला गेला. पुढच्या शनिवारी तो जुनी चप्पल घालून आला. करार मात्र करार होता. अड्यारच्या गृहस्थांना वेळ दिलेली होती आणि भंगारवाल्यालाही.

तो रविवार उजाडला. मी पोचलो तर घरात साजूक तुपाचा वास. सासूबाईंनी सोज्जी आणि बज्जी केली होती. तिकडे मुलगी बघायला येतात तेव्हा रव्याची गोड सोज्जी आणि गरम भजी हाच बेत असतो, दुसरा नाही. मी म्हटलं, "अम्मा, गाडी बघायला येताहेत."

"कोणी आपल्या घरचें बघायला आलें तर काय देतात? पोहे तुमच्या मिरजेंत."

गाडीही नटलेली होती. बॉनेटवर चंदन-कुंकू, आरशाला मोगऱ्याचा गजरा, आणि अंग इतकं लखलखीत की मेकॅनिकनं आदल्या दिवशी पुसलं त्याहून चांगलं. मी मनात शाबासकी दिली. कोणाला आणि कशासाठी, ते तासाभरात कळलं.

गृहस्थ वेळेवर आले. उंच, सडपातळ, तोंडावर परीक्षकाचा भाव. त्यांच्या हातात टॉर्च, काठीला लावलेला आरसा आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. सोबत त्यांची बायको. रविवार या माणसानं असाच घालवायचा असतो हे फार पूर्वी मान्य केलेली बाई. तिनं सोज्जी घेतली, सासूबाईंच्या शेजारची खुर्ची घेतली आणि गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

तपासणी सुरू झाली. गृहस्थ एकेका गोष्टीला बोट लावत आणि एकच शब्द बोलत. तामिळमध्ये 'तप्पु', म्हणजे चूक. आरसा? तप्पु. बंपरचे बोल्ट? तप्पु. दाराच्या खालच्या कडेवर चुंबक धरलं, ते चिकटलं नाही, खाली पडलं; आत पत्रा नव्हता, मेकॅनिकनं सढळ हातानं भरलेली पुट्टी होती. तप्पु. मेकॅनिक आकाशाकडे बघू लागला. सीटची सोनेरी किनार बघून तर त्यांनी टॉर्च विझवला आणि हलकेच, एखाद्याच्या घरी दुःखद प्रसंग असावा तसं म्हणाले, "तप्पु."

मेहुण्याचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. करार त्याचाच होता.

"चालू करा," गृहस्थ म्हणाले.

मी किल्ली फिरवली. पंप टिकटिक करू लागला. स्टार्टर ओढला. इंजिन घुरघुरलं, घुरघुरलं, आणि लागलं नाही. पुन्हा ओढला. नाही. पाचव्यांदा बॅटरीचा आवाज खोल गेला. गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं. मेकॅनिकनं बॉनेट उघडून आत वाकून पाहिलं आणि या खेपेला त्याला निदान करावंच लागलं नाही. आतून पाणी ठिबकत होतं. प्लगना ठिणगी वाटणारी ती डिस्ट्रिब्यूटरची टोपी आतूनबाहेरून ओलीचिंब.

"अम्मा," मी विचारलं, "सकाळी काय केलंत?"

"न्हाऊं घातलें. आज बघायला येणार ना? पांच घागरी डोक्यावरून. मग पुढच्या जाळींतून दोन. आंत पण स्वच्छ हवें."

मेहुण्यानं डोळे मिटले. मेकॅनिक म्हणाला, "ऊन दाखवू, सार. दोन तास." गृहस्थ म्हणाले त्यांना दोन तास नाहीत. मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं भाषण करायला तोंड उघडलं, पण सासूबाई उठल्या होत्या.

"केस ओले राहिले तर काय करतात?" त्यांनी मला विचारलं. मला ठाऊक नव्हतं. तिकडे बायका न्हाल्यावर निखाऱ्यावर सांब्राणी म्हणजे ऊद टाकतात, वर टोपली पालथी घालतात आणि त्या ऊबेत केस वाळवतात. पुढच्या मिनिटाला मागच्या दारातून निखाऱ्याचं भांडं आलं, टोपली आली. मेकॅनिकनं वायरी उपटून ती टोपी काढून दिली. सासूबाईंनी सवयीनं निखाऱ्यावर सांब्राणीची चिमूट सोडली आणि टोपी टोपलीवर ठेवून, मुलीची वेणी फिरवावी तशी उलटसुलट फिरवत राहिल्या. गृहस्थांची बायको खुर्ची सोडून खाली बसली आणि निखाऱ्यांना वारा घालू लागली. तिला या कामातलं सगळं कळत होतं. मेहुण्यानं त्याचा इस्त्रीचा रुमाल दिला आणि वायरींची टोकं स्वतः एकेक करून पुसली. कंट्रोल ग्रुप संपला.

टोपी बसवली. मी किल्ली फिरवली. बॅटरीत जीव नव्हता, म्हणून मेहुणाच पुढे जाऊन हँडल घालून वाकला. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं, आणि सगळ्या अंगणात उदाचा वास भरला. गृहस्थांनी पहिल्यांदाच तप्पु म्हटलं नाही. त्यांनी मला बाजूला सरकायला सांगितलं आणि स्वतः स्टीअरिंगवर बसले. मी त्यांच्या शेजारी. मागे डाव्या खिडकीशी सासूबाई, दुसऱ्या खिडकीशी गृहस्थांची बायको. चाकांखाली लिंबं ठेवली गेली होती, या वेळी अख्खी. चारही फुटली. गाडी फाटकातून बाहेर पडली, आपल्या पायांनी, आणि मागोमाग मोटरसायकलवर मेहुणा, खांद्यावर दोर टाकून, लागलाच तर.

दोर लागला नाही. आम्ही स्टेशनपर्यंत गेलो, तिथून हवाईदलाच्या भिंतीला वळसा घातला. गृहस्थ गिअर बदलत होते, कान देत होते, ब्रेक दाबून बघत होते आणि चेहऱ्यावर एक रेषा हलत नव्हती. मी मान वळवून मागे बघितलं. सासूबाई खिडकीबाहेर ओळखीच्या गल्ल्या बघत होत्या. दुसऱ्या बाईनं काच खाली करून कोपर बाहेर टेकवलं होतं.

परत फाटकाशी आलो. मेहुणा उतरून पुढे आला. मी उतरलो. गृहस्थ उतरले, त्यांनी टॉर्च, आरसा, चुंबक गोळा केलं आणि घसा खाकरला. सासूबाईंनी हात वर केला. "आतां कांही सांगूं नका. बघून गेल्यावर उत्तर घरीं जाऊन कळवतात. तीच पद्धत." आतून त्या किती घाबरल्या होत्या ते त्यांच्या पदर पिळणाऱ्या बोटांना माहीत. क्रेनवाला भोगीला येणार होता.

गृहस्थांनी मान डोलावली आणि बायकोला उतरायला दार उघडून धरलं. ती उतरेना. तिनं दाराची कड धरून ठेवली आणि भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, तामिळमध्ये जे बोलली ते असं: "अहो, ही चालते. आपल्या शेडमध्ये अशा पाच उभ्या आहेत, त्यातल्या एकीनंही मला लग्नापासून कोपऱ्यावरच्या देवळापर्यंतसुद्धा नेलेलं नाही. हिलाच घरी घेऊन चला, मी काही आता उतरत नाही."